पॉइंट, मिलिमीटर, पिक्सेल, एम: छपाईचं माप पडद्यावर आणि पडद्याचं माप कागदावर नेताना

लग्नाची पत्रिका कागदावर सुरेख छापून येते. तीच फोनवर पाठवली की आजोबांना मुहूर्त वाचता येत नाही. फोनसाठी केलेली इमेज कुणी तीन फुटांच्या फ्लेक्सवर ताणतो आणि अक्षरांच्या कडा फुटतात. फोटोशॉपमध्ये १२ पॉइंटचं अक्षर एका फाईलमध्ये मुंगीएवढं दिसतं, दुसऱ्या फाईलमध्ये अर्धं पान व्यापतं. तालुक्याच्या ठिकाणी डीटीपीचं दुकान चालवणारे, ग्रामपंचायतीच्या सूचना तयार करणारे संगणक परिचालक, शाळेचं हस्तलिखित वेबसाइटवर चढवणारे गुरुजी, सगळ्यांकडे हीच बिघाडं दिसतात. मुळाशी बहुतेक वेळा एकच कारण असतं. आकडा तसाच ठेवून फक्त एकक बदललं जातं, किंवा एकक बरोबर बदललं जातं पण ते अक्षर किती अंतरावरून वाचलं जाणार याचा विचारच होत नाही.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम मोडला की आधी फाईल होते आणि मग मापं शोधली जातात. सीझनमध्ये एका दिवसात पाच पत्रिका हातात असताना ही उलटी चाल फार महागात पडते.

## टप्पा १: संगणक सुरू करण्याआधी काय लिहून घ्यायचं

गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाच जॉब कार्डावर, नसेल तर वहीच्या पानावर, या चार गोष्टी लिहा.

१. शेवटचं माप, एककासह. नुसतं "दहा बाय आठ" लिहू नका. "१० फूट रुंद, ८ फूट उंच" असं लिहा. रुंदी नेहमी आधी.

२. वाचणाऱ्याचं अंतर. हातात धरून, भिंतीसमोर उभं राहून, की फाट्यावर एसटीतून उतरताना रस्त्याच्या पलीकडून?

३. किती जागी जाणार. फक्त कागद, की कागद, फोन आणि फ्लेक्स असे तिन्ही? तिन्ही असतील तर तीन मांडण्या कराव्या लागतील. हे पैसे ठरवतानाच सांगा.

४. फॉन्टचं नाव. जुना कृतिदेव, श्रीलिपी वगैरे आहे की युनिकोड? याचा मापाशी थेट संबंध आहे. तो सहाव्या टप्प्यात येईल.

आता प्रिंटर तपासा. कोरलमध्ये (कोरलड्रॉ) किंवा वर्डमध्ये बरोबर १०० मिलिमीटर लांबीची आडवी रेघ काढा, छापा आणि स्टीलच्या पट्टीने मोजा. रेघ ९६ किंवा ९७ मिलिमीटर भरली तर प्रिंटच्या खिडकीत "फिट टू पेज" चालू आहे. ते बंद करून "अ‍ॅक्च्युअल साइझ" किंवा १०० टक्के निवडा आणि रेघ पुन्हा मोजा.

सावध: ही रेघ बरोबर येईपर्यंत पुढचं कुठलंही प्रूफ (तपासणीची छापील प्रत) खरं मानू नका. प्रिंटरच चार टक्के आकसत असेल तर तुमचा हिशेब बरोबर असूनही चुकीचा वाटेल आणि तुम्ही बरोबर आकडा बदलून बसाल.

## टप्पा २: एकक कोणत्या घरातलं आहे ते ओळखा

मापाची एककं तीन घरांत बसतात. रूपांतर करण्याआधी आपण कोणत्या घरातून कोणत्या घरात चाललो आहोत हे मनाशी पक्कं करा.

लांबीचं घर: फूट, इंच, मिलिमीटर, पायका, पॉइंट. ही पट्टीने मोजता येतात. यांच्यातलं रूपांतर ठरलेलं आहे, त्यात दुसरी कोणतीही माहिती लागत नाही.

ठिपक्यांचं घर: पिक्सेल. पिक्सेल म्हणजे मोजणी, लांबी नव्हे. १०८० पिक्सेल किती रुंद, या प्रश्नाला उत्तर नाही. इंचात किती ठिपके बसवायचे हे ठरलं की मगच उत्तर येतं. चार एकरांत किती कापूस झाला हे एकरी उतारा कळल्याशिवाय सांगता येत नाही, तसंच हे आहे. इथला उतारा म्हणजे डीपीआय.

प्रमाणाचं घर: एम, रेम, टक्के. यांना स्वतःचं माप नसतं. एम म्हणजे चालू अक्षराच्या आकाराच्या किती पट. रेम म्हणजे संपूर्ण पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या किती पट.

लांबीतून ठिपक्यांत जायचं असेल तर वाट नेहमी इंचातून जाते. पॉइंटवरून थेट पिक्सेलवर उडी मारणारी सूत्रं नेटवर खूप सापडतात, पण ती कुठला तरी एक डीपीआय गृहीत धरतात आणि तो सांगत नाहीत. म्हणून पिक्सेलचा आकडा वहीत लिहाल तेव्हा शेजारी डीपीआय लिहायचाच. एवढी एक सवय लागली तरी निम्मी बिघाडं थांबतील.

## टप्पा ३: लांबीतून लांबी

हे आकडे मोठ्या अक्षरात छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा:

- १ इंच = २५.४ मिलिमीटर = ७२ पॉइंट = ६ पायका
- १ फूट = १२ इंच = ३०४.८ मिलिमीटर = ८६४ पॉइंट
- १ पायका = १२ पॉइंट
- १ पॉइंट = ०.३५२८ मिलिमीटर
- १ मिलिमीटर = २.८३५ पॉइंट

आजची सगळी डीटीपी सॉफ्टवेअर इंचाला ७२ पॉइंट धरतात. खिळ्यांच्या छपाईतला जुना अमेरिकन पॉइंट किंचित लहान होता, इंचाला सुमारे ७२.२७. युरोपातला दिदो पॉइंट मोठा, साधारण ०.३७६ मिलिमीटर. जुन्या पुस्तकातलं माप कोरलमध्ये उतरवताना बारीक फरक पडला तर तो यामुळे. एरवी याकडे लक्ष द्यायची गरज नाही.

नेहमीची चूक, पूर्णांक करण्याची घाई. पॉइंटचे ०.३५२८ ऐवजी "०.३५ धरू" असं म्हटलं जातं. ए-४ ची उंची ८४२ पॉइंट आहे. त्याला ०.३५ ने गुणलं तर २९४.७ मिलिमीटर येतात आणि खरी उंची २९७ आहे. सव्वादोन मिलिमीटरहून जास्त फरक, म्हणजे कटिंगमध्ये बॉर्डर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब. मधल्या पायऱ्यांत दशांश ठेवा, शेवटच्या आकड्यालाच पूर्णांक करा.

त्याहून मोठी चूक, फूट आणि दशांश. गिऱ्हाईक म्हणतो "साडेपाच फूट" आणि चिठ्ठीवर ५.५ लिहिलं जातं, ते बरोबर आहे. तोच म्हणतो "पाच फूट सहा इंच" आणि चिठ्ठीवर ५.६ लिहिलं जातं, ते चूक आहे. ५.६ फूट म्हणजे ५ फूट ७.२ इंच. लोखंडी फ्रेम आधीच वेल्डिंग करून ठेवलेली असेल तर हा सव्वा इंच फ्रेममध्ये मावत नाही. फूट-इंचातलं प्रत्येक माप आधी पूर्ण इंचांत आणा: ५ × १२ + ६ = ६६ इंच. फाईलमध्ये इंचच टाका.

तपासा: कोरलमध्ये पट्टीचं एकक काय लावलं आहे ते वरच्या पट्ट्यात पाहा. दुसऱ्याने केलेली फाईल उघडली की ते बदललेलं असू शकतं. इंच समजून १२ टाकले आणि एकक मिलिमीटर असेल तर पान टिकलीएवढं होतं, ते लगेच दिसतं. सेंटिमीटर आणि इंच यांची गल्लत मात्र पटकन दिसत नाही, म्हणून तीच जास्त धोक्याची.

## टप्पा ४: लांबीतून पिक्सेल आणि उलट

सूत्र एकच: इंच × डीपीआय = पिक्सेल. मिलिमीटर असतील तर आधी २५.४ ने भागा.

ए-५ पत्रिकेचं उदाहरण घेऊ. कापल्यानंतरचं माप १४८ × २१० मिलिमीटर. ऑफसेटला ३०० डीपीआय लागतो. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा कड) धरलं तर फाईलचं माप १५४ × २१६ मिलिमीटर होतं.

- रुंदी: १५४ ÷ २५.४ × ३०० = १८१९ पिक्सेल
- उंची: २१६ ÷ २५.४ × ३०० = २५५१ पिक्सेल

ब्लीड आधी मिळवायचं, मग गुणायचं. पुष्कळ जण १७४८ × २४८० ची फाईल करतात, म्हणजे नुसतं ए-५, आणि कटिंगवाल्याने ब्लीड मागितलं की सगळी मांडणी तीन-चार टक्के ताणून देतात. त्याने गणपतीसुद्धा ताणला जातो आणि कडेची नावं कात्रीत येतात.

आता फोटोशॉपचा तो प्रसिद्ध गोंधळ. तिथलं अक्षर पॉइंटमध्ये दिसतं, पण प्रत्यक्षात ते पिक्सेलमध्ये काढलं जातं आणि मधला हिशेब फाईलच्या रिझोल्यूशनने होतो: पॉइंट × रिझोल्यूशन ÷ ७२ = पिक्सेल. म्हणून तेच १२ पॉइंट

- ७२ च्या फाईलमध्ये १२ पिक्सेल,
- १५० च्या फाईलमध्ये २५ पिक्सेल,
- ३०० च्या फाईलमध्ये ५० पिक्सेल.

सॉफ्टवेअर इथे चुकत नाही. ३०० च्या फाईलमध्ये इंचात ठिपके जास्त आहेत, म्हणून तेवढ्याच लांबीला जास्त ठिपके लागले. फोनसाठीची इमेज करताना मात्र पॉइंटकडे बघूच नका. प्रेफरन्सेसमध्ये टाइपचं एकक पिक्सेल करून टाका.

उलटं जाताना, म्हणजे पडद्याची इमेज कागदावर नेताना, पिक्सेल ÷ इंच = मिळणारा डीपीआय. व्हॉट्सॲप स्टेटससाठी केलेली १०८० × १९२० ची पत्रिका कुणी छापायला आणली, तर:

- ए-५ वर (रुंदी ५.८३ इंच): १८५ डीपीआय. चालवून घेता येईल, बारीक अक्षर मऊ दिसेल.
- ए-४ वर (८.२७ इंच): १३१ डीपीआय. अक्षराच्या कडा खडबडीत दिसू लागतात.
- ३ फुटांच्या बॅनरवर (३६ इंच): ३० डीपीआय. जवळून ठिपके दिसतात.

आणखी एक गोष्ट आकड्यात दडलेली असते. फोनची इमेज ए-५ पेक्षा उंच असते. १०८० रुंदीला ए-५ च्या प्रमाणात १५३२ उंची पुरते. उरलेले ३८८ पिक्सेल कापले जातात किंवा इमेज आडवी ताणली जाते. खालच्या ३८८ पिक्सेलमध्ये बहुतेक पत्रिकांत विवाहस्थळ असतं.

सावध: "डीपीआय ३०० करून द्या" असं प्रेसवाला म्हणाला म्हणून इमेज साइझमध्ये फक्त तो आकडा बदलू नका. "रीसॅम्पल" ची खूण काढलेली असेल तर एकही पिक्सेल वाढत नाही, फक्त छापायची लांबी कमी होते. खूण ठेवलेली असेल तर सॉफ्टवेअर मधले ठिपके अंदाजाने भरतं आणि अक्षर जाड, धूसर होतं. दोन्हींत स्पष्टता येत नाही. अक्षरं मूळ फाईलमधून पुन्हा टाइप करणं हाच इलाज, आणि चार ओळींचं मॅटर असेल तर त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

## टप्पा ५: कागदावरचं मॅटर वेबपानावर

वेबपानावरचा पिक्सेल म्हणजे फोनच्या काचेवरचा ठिपका नव्हे. सीएसएसमध्ये (वेबपानाची मांडणी ठरवणारी भाषा) १ पिक्सेल म्हणजे इंचाचा ९६ वा भाग असं ठरवलेलं आहे. १०८० ठिपक्यांच्या अनेक फोनवर तीन-तीन ठिपके मिळून सीएसएसचा एक पिक्सेल होतो, म्हणून वेबपानाला तो फोन ३६० पिक्सेल रुंद दिसतो. पान करताना ३६० धरायचे. इमेज करताना १०८०.

त्यामुळे इथलं रूपांतर सोपं होतं: पॉइंट × ४ ÷ ३ = सीएसएस पिक्सेल. १२ पॉइंट म्हणजे १६ पिक्सेल. ब्राउझरचं मूळ माप बहुधा १६ पिक्सेलच असतं, म्हणून पिक्सेलला १६ ने भागलं की रेम मिळतात.

गावातल्या वाचनालयाची स्मरणिका वेबसाइटवर न्यायची आहे असं धरू. छापील मॅटर १३ पॉइंट, ओळीपासून ओळ २० पॉइंट, कॉलमची रुंदी ११० मिलिमीटर, परिच्छेदाच्या सुरुवातीला १ पायका जागा. क्रमाने:

१. अक्षर: १३ × ४ ÷ ३ = १७.३३ पिक्सेल. ÷ १६ = १.०८ रेम.

२. ओळींतलं अंतर: २० ÷ १३ = १.५४. हा आकडा एककाशिवायच लिहायचा. पिक्सेलमध्ये बांधून टाकलं आणि वाचणाऱ्याने फोनमध्ये अक्षर मोठं केलं तर ओळी एकमेकींवर चढतात.

३. कॉलमची रुंदी: ११० मिलिमीटर = ३११.८ पॉइंट. ÷ १३ = २४ एम. हीच जास्तीत जास्त रुंदी म्हणून द्या. फोनवर ती आपोआप कमी होईल, मोठ्या पडद्यावर ओळ अंगणभर पसरणार नाही.

४. परिच्छेदाची जागा: १२ ÷ १३ = ०.९२ एम.

क्रम महत्त्वाचा आहे. अक्षराचं माप आधी ठरलं नाही तर एममधला बाकीचा एकही आकडा काढता येत नाही.

सावध, एमच्या आत एम: चौकटीला ०.९ एम दिला आणि तिच्या आतल्या तळटीपेला पुन्हा ०.९ एम, तर तळटीप ०.८१ पट होते. आणखी एक थर गेला की ०.७३. अक्षराच्या आकाराला रेम वापरा. जागा, अंतर, रुंदी यांना एम.

अँड्रॉइड ॲपमध्ये डीपी आणि एसपी ही एककं लागतात. १६० डीपीआयच्या पडद्यावर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल, ४८० च्या पडद्यावर ३ पिक्सेल. अक्षराला एसपी द्या, म्हणजे फोनच्या सेटिंगमधला अक्षराचा आकार पाळला जातो.

आणखी एक सापळा, वर्डमधलं १.१५. वर्डमधलं "१.१५ ओळ-अंतर" हे अक्षराच्या आकाराच्या पटीत नसतं. ते फॉन्टने स्वतः ठरवलेल्या ओळीच्या उंचीच्या पटीत असतं, आणि मंगलसारख्या देवनागरी फॉन्टमध्ये ती उंची बरीच ऐसपैस असते. तोच १.१५ वेबपानावर टाकला की वरच्या ओळीचे ऊकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. वर्डचं पान छापा, दहा ओळींचं अंतर पट्टीने मोजा, दहाने भागा, पॉइंटमध्ये न्या आणि अक्षराच्या आकाराने भागा. मिळेल तो खरा आकडा.

## टप्पा ६: देवनागरीचा स्वतंत्र हिशेब

इथे थोडा वेळ द्या, कारण गणित बरोबर आणि अक्षर चूक अशी सगळ्यात जास्त प्रकरणं इथलीच असतात.

फॉन्टचा १४ पॉइंट म्हणजे अक्षराची उंची १४ पॉइंट नव्हे. तो अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसवलेलं असतं तिचा आकार. त्या चौकटीत शिरोरेघेवर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं मावायची असतात. कुणी अक्षर मोठं काढतो, कुणी लहान. कृतिदेवमधला १४ आणि मंगलमधला १४ शेजारी छापून बघा, मंगल ठळकपणे मोठा दिसेल. कोकिळा उलट बराच लहान दिसतो. जुन्या फॉन्टमधलं मॅटर युनिकोडमध्ये बदललं की पानं वाढतात आणि ऑपरेटर घाबरून आकार अंदाजाने कमी करत बसतो. अंदाजाची गरज नाही. हे करा:

१. कोरलमध्ये "प" हे अक्षर १०० पॉइंटमध्ये टाइप करा. "प" का, तर त्याला मात्रा नाही आणि त्याचा काना शिरोरेघेपासून तळापर्यंत सरळ जातो.

२. ते कर्व्ह करा (म्हणजे अक्षराचं रेषांचं चित्र करा) आणि त्याची उंची पॉइंटमध्ये वाचा. समजा ४८ आली. म्हणजे या फॉन्टमध्ये अक्षर चौकटीच्या ४८ टक्के आहे.

३. दुसऱ्या फॉन्टसाठी तेच करा. समजा ६० आली.

४. नवा आकार = जुना आकार × ४८ ÷ ६०. जुनं मॅटर १४ पॉइंट असेल तर नवं ११.२ पॉइंट.

४८ आणि ६० हे समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या दुकानात चालणाऱ्या प्रत्येक फॉन्टचा आकडा एकदाच काढून यादी भिंतीवर लावा. ही यादी वर्षानुवर्षं कामाला येते.

ओळींतलं अंतर फॉन्ट बदलला की पुन्हा बघावं लागतं. तपासणीसाठी दोन ओळींचं मॅटर ठेवा: वरच्या ओळीत "कुटुंब, स्फूर्ती, राष्ट्रीय", खालच्या ओळीत "कीर्ती, मूर्तीं, वर्षीं". वरचे उकार आणि खालचे रफार-अनुस्वार एकमेकांना शिवले नाहीत तर अंतर पुरेसं आहे. वर्डमध्ये "एक्झॅक्टली" लावून ओळ घट्ट केली की अनुस्वार चक्क कापला जातो. पडद्यावर लक्षात येत नाही, छापल्यावर "चिं." चा "चि." झालेला दिसतो.

अक्षरांमधली जागा बदलू नका. इंग्रजीत अक्षरं थोडी मोकळी केली की शीर्षक छान दिसतं. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते. इनडिझाइनमधलं ट्रॅकिंग एमच्या हजाराव्या भागात असतं, म्हणजे ५० म्हणजे ०.०५ एम, आणि एवढ्यानेही रेघेत फटी पडतात. इंग्रजी नमुना पत्रिकेत मराठी भरताना हा आकडा शून्य आहे का ते आधी पाहा.

## टप्पा ७: अंतर आणि पट

आतापर्यंत एककं बदलली. पण १२ पॉइंटचे ४.२३ मिलिमीटर अचूक काढूनही फाट्यावरचा फ्लेक्स वाचता आला नाही तर त्या अचूकतेचा काय उपयोग? डोळ्याला अक्षर केवढं दिसतं हे अंतरावर ठरतं, आणि तो हिशेब साधा आहे: अंतर जेवढ्या पट, अक्षर तेवढ्या पट.

हातातला कागद आपण साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो आणि १२ पॉइंट आरामात वाचतो. हा आपला पाया.

फोन. फोन थोडा जवळ असतो, ३० सेंटिमीटर धरा. १२ × ३० ÷ ४० = ९ पॉइंट. काचेवर एवढं अक्षर हवं. आता ए-५ पत्रिकेची पीडीएफ फोनवर उघडली तर काय होतं ते पाहू. १४८ मिलिमीटरचा कागद सुमारे ६८ मिलिमीटरच्या काचेत बसतो. १२ पॉइंटचं अक्षर १२ × ६८ ÷ १४८ = ५.५ पॉइंट होतं. ९ हवे होते, मिळाले साडेपाच. "भाऊ, अक्षरं लयच बारकी दिसून रायली" ही तक्रार खरी असते.

म्हणून फोनसाठी वेगळी मांडणी. १०८० पिक्सेल ६८ मिलिमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरला सुमारे १५.९ पिक्सेल. ९ पॉइंट म्हणजे ३.१८ मिलिमीटर, म्हणजे ५० पिक्सेल. १०८० रुंदीच्या इमेजमध्ये ५० पिक्सेलपेक्षा लहान मजकूर ठेवू नका. एवढ्या आकारात "आमच्या मामाच्या लग्नाला" पासून सगळ्या प्रेषकांची नावं एका इमेजमध्ये मावणार नाहीत. मग दोन इमेज करा. पहिलीत वधू-वर, तिथी, मुहूर्त, स्थळ. दुसरीत घरची मंडळी. नावं गाळायची नसतात, त्यावरून सोयरिकीत रुसवे होतात. अक्षर बारीक करून सगळं कोंबणं हाही त्यांचा मान नव्हे.

भिंतीवरचं पोस्टर. दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपत आली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो आणि वडशापासून गावोगाव पोस्टर लागतात. २० × ३० इंचाचं पोस्टर माणूस तीनेक मीटरवरून वाचतो. ३ मीटर ÷ ०.४ = ७.५ पट. १२ × ७.५ = ९० पॉइंट. गाव, तारीख, वेळ ही तीन माहितीची अक्षरं याहून लहान नकोत. कलावंतांची नावं जवळ जाऊन वाचली जातात, ती लहान चालतील. पण हेच पोस्टर फोनवर फिरणार असेल तर ५०८ मिलिमीटरचे ६८ होतात: ९० पॉइंटचे १२ उरतात, ते ठीक, आणि २४ पॉइंटमधला तिकिटाचा फोन नंबर ३.२ पॉइंट होतो. तो कुणालाच वाचता येणार नाही.

फाट्यावरचा फ्लेक्स. शंकरपटाचा (बैलांच्या शर्यतीचा) १० × ८ फुटांचा फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडून, २० मीटरवरून वाचायचा आहे. २० ÷ ०.४ = ५० पट. १२ × ५० = ६०० पॉइंट. चालत्या गाडीवरून वाचायचा असेल तर याहून मोठं. ६०० पॉइंट म्हणजे ८.३३ इंचांची चौकट. ८ फुटांच्या उंचीत फोटो, शीर्षक आणि मान्यवर धरून अशा किती ओळी बसतील हे गिऱ्हाईकाला कागदावर आखून दाखवा. मॅटर कमी करायला तो तयार होतो तो याच क्षणी. "मोठं करून दे न बा" म्हणणाऱ्याला चौकट दिसली की त्यालाच कळतं काय काढायचं.

एवढी मोठी फाईल जड होते म्हणून ती दहाव्या भागात करतात. १० × ८ फूट म्हणजे १२० × ९६ इंच, फाईल १२ × ९.६ इंच. अक्षर ६०० ऐवजी ६० पॉइंट. आणि इथे विसरलं जातं ते हे: फ्लेक्सवर ७२ डीपीआय हवा असेल तर फाईलमध्ये फोटो ७२० डीपीआयला हवेत. लांबी दहा पट कमी झाली, ठिपके तेवढेच राहिले पाहिजेत.

सावध: कोरलमध्ये आकार लहान-मोठा करताना आउटलाइनला "स्केल विथ ऑब्जेक्ट" ची खूण नसेल तर अक्षराभोवतीची किनार तशीच राहते. दहाव्या भागात ठसठशीत दिसणारी २ पॉइंटची किनार पूर्ण मापात केसासारखी होते.

फोटोंबद्दल थोडक्यात. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो पूर्ण १२० इंचांवर ३३ डीपीआय देतो, लांबून तो चालतो. व्हॉट्सॲपवरून आलेला १६०० पिक्सेलचा फोटो १३ डीपीआय देतो. तोही लांबून निभावतो, पण फोटोच्या आत लिहिलेलं अक्षर निभावत नाही. म्हणून अक्षर कधीही फोटोत नको, कोरलमध्ये वेगळं टाइप केलेलं हवं.

## टप्पा ८: पाठवण्याआधी

- फ्लेक्स: ६०० पॉइंटचा "प" ए-४ कागदावर पूर्ण मापात छापा, दुकानासमोरच्या भिंतीला चिकटवा आणि वीस मीटर मागे जा. सुमारे २७ पावलं. वाचता आला तर माप बरोबर.
- फोन: इमेज स्वतःलाच व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवा, कारण पाहुणे तशीच पुढे पाठवणार आणि तिथे ती दाबली जाणार. दुकानात जो सर्वांत लहान पडद्याचा फोन असेल त्यावर, न ताणता वाचा. कुणा वयस्क माणसालाही वाचायला द्या.
- पत्रिका: पूर्ण मापात छापून कटिंगच्या खुणेवर कात्रीने कापा. कडेपासून आत निदान ५ मिलिमीटरपर्यंत एकही अक्षर नको.
- वेबपान: फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सर्वांत मोठं करून पान उघडा. ओळी एकमेकींवर चढल्या तर कुठेतरी एकक बांधलेलं राहिलं आहे.
- फ्लेक्सच्या कडा: दुमडायला आणि आयलेट ठोकायला किती जागा लागते ते छापणाऱ्याला फोनवर विचारा आणि तेवढी रिकामी ठेवा.

फाईल जिल्ह्याच्या प्रेसला पाठवताना मजकूर कर्व्ह केलेली एक प्रत पाठवा आणि टाइप केलेली मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. नावात पूर्ण माप, एकक, पट आणि डीपीआय लिहा, उदाहरणार्थ "शंकरपट-१२०-बाय-९६-इंच-एक-दशांश-७२०". दहाव्या भागातली फाईल आहे हे फोन करून तोंडीही सांगा. फ्लेक्सच्या मशीनवरचा मुलगा रात्री वीस फाईली ओळीने लावत असतो. त्याला नावातच सगळं दिसलं तर तो विचारायला थांबत नाही आणि बारा इंचांचा फ्लेक्स छापून सकाळच्या एसटीत टाकत नाही.